विवेकाचं व्याख्यान आणि माझी उचकी

हा अनुभव लिहून काढावा असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं, आणि तितकीच वर्षं संकोचही वाटत होता. लोकांना दृष्टान्त होतात, कोणाच्या स्वप्नात महाराज येतात, कोणाला ऐन संकटात गाभाऱ्यातून हाक ऐकू येते. असं काही वाचलं की डोळ्यांत पाणी उभं राहतं. माझ्या अनुभवात उचकी आहे. ती वगळून लिहिता येईल का, हेही मी करून पाहिलं. पण उचकी काढली तर मागे काहीच उरत नाही. तेव्हा जे जसं घडलं तसं सांगतो. ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. त्या दिवशी अकोल्यातलं एक सभागृह भरून लोक हसलेच होते.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी अमरावतीच्या एका हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवत होतो. वय पस्तिशीच्या आत, आवाज खणखणीत आणि मतं त्याहून खणखणीत. पहाटे उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचं नाही, खोटं बोलायचं नाही, असे माझे नेम होते. ते वाईट होते असं आजही मी म्हणणार नाही. पण सद्गुण नुसते अंगात असून माझं भागत नसे. ते मी लोकांच्या अंगावर घालत असे. शेजारी कोणी विडी पेटवली की मी फुप्फुसाची आकृती काढून दाखवी. कोणी सत्यनारायणाचा प्रसाद पुढे केला की तो घेण्याआधी पाच मिनिटं बोले. शेवटी शेवटी लोक प्रसाद दुरूनच दाखवून नेऊ लागले. मला वाटे, हा माझ्या बुद्धीचा दरारा.

शाळेबाहेर मी व्याख्यानंही देई. विषय ठरलेला: ‘विवेक हाच धर्म’. धामणगाव, परतवाडा, वरूड, जिथून बोलावणं येईल तिथे मी जाई. भाषण करताना चष्मा काढून हातात धरायची मला सवय होती, कारण त्यानं माणूस विचारवंत दिसतो असं माझं मत होतं. चष्म्याशिवाय मला दुसऱ्या रांगेपलीकडचं काही दिसत नसे. पण बघायचं लोकांनी, मी फक्त दिसायचं, अशीच ती वाटणी होती.

या व्याख्यानात एक गोष्ट मी हमखास सांगे, आणि ती गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची होती.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला न्हाऊमाखू घालणारी, शाळेत सोडणारी, पाटीवर ‘श्री’ गिरवून घेणारी तीच. स्वतः ती चार इयत्ता शिकली. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, जुन्या शहरात राजेश्वराच्या देवळाजवळ. भाऊजी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवस आम्ही नवराबायको पाळीपाळीनं उशाशी बसलो. डॉक्टरांनी नव्या कॅप्सूल दिल्या आणि पोरगी वाचली. त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, माझ्या घरी आमच्या विचारमंडळाची बैठक चालू असताना ताई दारात उभी राहिली. तिनं नवस केला होता. गल्लीतल्या दोघी बायकांना सोबत घेऊन अकोल्याहून अमरावतीपर्यंत ती तीन दिवस अनवाणी चालत आली होती आणि अंबादेवीला ओटी भरून तशीच माझ्याकडे आली होती. पाय सुजले होते, तळव्यांचे फोड फुटले होते, लुगडं गुडघ्यापर्यंत मातीनं माखलं होतं. हातात खोबऱ्याचा तुकडा आणि कुंकू.

माझे मित्र तिच्याकडे पाहू लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच घरात अंधश्रद्धा अशी चालत आली! मी तिला बस म्हणायच्या आधी म्हणालो, “ताई, पोरीचा ताप औषधानं उतरला. तुझ्या पायाला फोड आले म्हणून जंतू मरत नसतात.”

मित्र हसले. ताईही हसली. म्हणाली, “व्हय रे बाप्पा, जंतूले काय ठाऊक माह्ये पाय!” मग तिनं मोरीत पाय धुतले, पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं, बायकोशी दोन शब्द बोलली, जेवली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर चार वर्षं ती आमच्याकडे आली नाही. मी मनाशी म्हटलं, अडाणी माणसाला सत्य सोसत नाही. आणि मीही गेलो नाही.

पण गोष्ट मात्र घेतली. ‘माझ्या परिचयाची एक अडाणी बाई’ असं म्हणून मी ती गावोगाव सांगू लागलो. खोटं न बोलण्याचा मला एवढा अभिमान. तरी गोष्टीतली बाई गावागणिक अधिकाधिक मूर्ख होत गेली. धामणगावला ती नुसतीच चालली. परतवाड्याला ती वाटेत प्रत्येक दगडाला कुंकू लावत चालली. वरूडला तिनं डॉक्टरांनी दिलेलं औषध मोरीत ओतून दिलं. वरूडला संत्र्यांच्या बागायतदारांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की औषध मोरीत ओतणं मी कायमचं ठेवून दिलं.

अशात अकोल्याहून एका वाचनालयाचं पत्र आलं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता व्याख्यान. मी होकार कळवला. ताई त्याच गावात राहते हे मला आठवलं नाही असं नाही. शनिवारी दुपारच्या गाडीनं जायचं, भाषण करायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत, म्हणजे तिकडे जायला वेळच उरत नाही, असा हिशेब मी आधीच करून ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी मी आरशासमोर उभा राहून भाषणाची तालीम करत होतो. ‘माझ्या परिचयाची एक अडाणी बाई’ इथपर्यंत आलो आणि उचकी लागली. पाणी प्यालो. थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा लागली. मग सुटलीच नाही. जेवताना उचकी, झोपेत उचकी, शुक्रवारी वर्गात प्रमेय सिद्ध करताना उचकी. ‘म्हणून कोन अ बरोबर उच्’ असं म्हटल्यावर चाळीस पोरं बाकांखाली गेली.

आपल्याकडे उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय असं मानतात, आणि बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते. घरी, शाळेत, रस्त्यात, जो भेटेल तो मला तेच विचारू लागला. शाळेचा शिपाई म्हणाला, “सर, कोन याद करून राह्यलं एवढं? आमचीबी करा म्हना थोडी.” मी सगळ्यांना पोटाच्या पडद्याचं आकुंचन समजावून सांगत होतो, पण दर वाक्याला पडदा आकुंचन पावत असल्यामुळे छाप पडत नव्हती. डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं. ते प्यालो की उचकीला बडीशेपेचा वास येई, बाकी फरक नाही.

रात्री जेवताना बायको हळूच म्हणाली, “अकोल्याच्या ताईंचं नाव घेऊन पाहा ना.”

“असल्या भाकडकथांवर माझा वि—उच्—श्वास नाही,” मी म्हणालो.

पण खरं सांगायचं ठरवलंच आहे, तर हेही सांगतो. शनिवारी सकाळी मी न्हाणीघराची कडी लावली, बादलीत नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही, आणि नावं घ्यायला लागलो. स्वतःची समजूत अशी घातली की हा प्रयोग आहे आणि प्रयोगाला शास्त्राची आडकाठी नसते. हेडमास्तर. इन्स्पेक्टर. मामा. मावशी. सासरे. दूधवाला. माझ्या हाताखाली तीन वर्षं नापास झालेला एक विद्यार्थी. मेलेली माणसंही घेऊन पाहिली. बादली भरून वाहू लागली. फक्त एक नाव मी घेतलं नाही. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण समजा ते घेतलं आणि उचकी थांबली, तर मग काय करायचं, याची मला भीती वाटली. शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं उत्तराच्या भीतीनं प्रयोग अर्धा सोडला, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. निदान माझ्या ध्यानात आलेली पहिली.

बडनेऱ्याला गाडीत बसलो तो उचकी देतच. डबा तासाभरात माझ्या सेवेला लागला. एकानं साखर दिली, एकानं नाक दाबायला लावलं, कुरुमला चढलेल्या एका पगडीवाल्यानं माझे दोन्ही कान धरून पाणी पाजलं. मूर्तिजापूर सुटल्यावर समोरचा इसम अचानक ओरडला, “मास्तर, तुमची थैली खिडकीतून पडली!” मी ताडकन उठलो आणि डोकं वरच्या फळीवर आपटलं. थैली मांडीवरच होती. तो शांतपणे म्हणाला, “दचकल्यानं जाते म्हणतात.” मी त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळ्या डब्यानं श्वास रोखला. “उच्,” मी म्हणालो. डब्यातल्या लोकांना खरोखर वाईट वाटलं. अकोल्याला उतरताना दोघातिघांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्या जनतेला शहाणं करायला मी निघालो होतो, ती हीच.

सभागृह भरलेलं होतं. बाहेरच्या लोकांसाठी दारावर कर्णा लावला होता. अध्यक्ष एक निवृत्त वकील होते. त्यांनी माझ्या वाणीचं, आचरणाचं आणि तर्कशक्तीचं कौतुक केलं. मी उठलो, चष्मा काढून हातात घेतला, समोरचं सगळं धुरकट झालं आणि काय आश्चर्य, उचकी थांबली! पहिली वीस मिनिटं मी असा बोललो की माझं मलाच भरून आलं. अहंकार हा बुद्धीचा शत्रू आहे, हा मुद्दा तर मी फारच अभिमानानं मांडला. लोक तल्लीन झाले होते. मग मी आवाज खाली आणला, एक पाऊल पुढे आलो आणि म्हणालो, “माझ्या परिचयाची एक अडाणी—”

“उच्!”

ध्वनिक्षेपक चांगल्या प्रतीचा होता. उचकी दारावरच्या कर्ण्यातून रस्त्यावर गेली आणि समोरच्या पानठेल्यावरून कोणीतरी दाद दिली. मी पाणी प्यालो. “माझ्या परिचयाची एक अडा—उच्.” पुढच्या रांगेत रुमाल तोंडाला लागले. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. आता ‘माझ्या’ म्हणतानाच उचकी आली. तेवढ्यात मागून एक जाड आवाज उठला, “मास्तर, ते बाईच तुमची आठवण काढून राह्यली असंन!”

मग जे हसू फुटलं ते मी कधी विसरणार नाही. छप्पर हललं. अध्यक्षही हसले. बायकांच्या बाजूनंही हसू आलं. मी उभा होतो, हातात चष्मा, समोर धुकं आणि धुक्यातून येणारं ते हसू. आणि दर दोन सेकंदांनी कर्ण्यातून माझं उत्तर. अध्यक्षांनी समारोप उरकला. म्हणाले, वक्त्यांनी बुद्धीची बाजू मांडली, त्यांच्या देहानं आपली मांडली, आणि दोन्ही बाजू ऐकून घेणं हाच विवेक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार गळ्यात पडायच्या आत मी मागच्या दारानं निसटलो.

बाहेर एक टांगा उभा होता. म्हातारा टांगेवाला, पांढरी दाढी, डोक्याला मळकं फडकं. मी आत उडी मारली आणि म्हणालो, “स्टे—उच्—श—उच्.”

त्यानं कानामागे हात धरला. “क्या बोले?”

“स्टे—श—उच्!”

“राजेश्वर?” म्हातारा म्हणाला. “बैठो साब, बैठो.” आणि घोडं सुटलं.

मी नाही नाही म्हणून हात हलवले. त्याची माझ्याकडे पाठ होती. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तर त्यानं मागे न पाहता तो थोपटला. त्याला ऐकू कमी येत होतं, आणि जे काही येत होतं त्यावरून त्याला वाटलं, हा माणूस हुंदके देतो आहे. “रोव नका साब,” तो म्हणाला, “देवाच्या दारी जाऊन राह्यले ना? मंग काय फिकीर? वो सब जानता.” रस्त्यानं सभेतून सुटलेले लोक चालले होते. ओरडलो असतो तर पुन्हा सगळ्यांनी पाहिलं असतं, म्हणून मी तोंडावर उपरणं घेतलं आणि गप्प बसलो. त्यामुळे तर त्याची खात्रीच पटली. मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत तो मला धीर देत होता. त्याचा मुलगा कसा आजारी होता, तो पीराला आणि राजेश्वराला दोघांनाही कसा नवस बोलला होता, आणि कोणानं ऐकलं ते आपण कसं विचारलं नाही, हे सगळं त्यानं मला सांगितलं. देवळापाशी उतरवून तो म्हणाला, “जाव, दिल हलका करा,” आणि टांगा वळवून निघूनही गेला.

मी तिथे उभा राहिलो. ताईचं घर तिथून शंभर पावलांवर. स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला. आसपास दुसरा टांगा नाही. मी जाणूनबुजून तिच्या दारी गेलो असं मला म्हणता येत नाही. मला तिथे आणून सोडलं होतं. आणि माझ्यात आता तेवढी शंभर पावलं चालण्याचंच त्राण उरलं होतं.

भाऊजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. फार कमी बोलणारा माणूस. मला पाहून ते उठले, आत जाऊन पाण्याचा लोटा आणून ठेवला आणि पुन्हा निवडायला बसले. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

“ताई—उच्—कुठे आहे?” मी विचारलं.

“तुमच्याच भाषनाले गेली,” भाऊजी म्हणाले. “दुपारपासून नवं लुगडं नेसून बसली होती. गल्लीतल्या सात-आठ बाया घेऊन गेली. माह्या भावाचं भाषन हाये म्हने.”

मी ओट्याच्या कडेवर बसलो. धुक्यातून आलेलं ते बायकांचं हसू मला आठवलं. त्या बाजूला, गल्लीतल्या सात-आठ बायकांच्या मधोमध, नवं लुगडं नेसून ताई बसली होती, आणि मी एक पाऊल पुढे येऊन तिची गोष्ट सांगायला तोंड उघडलं होतं. चालत आलेली बाई, दगडांना कुंकू, मोरीत ओतलेलं औषध. त्या दोघी सोबतिणीही तिथेच असतील. एक शब्द जरी घशातून पुढे सरकला असता!

किती वेळ बसलो कोण जाणे. भाऊजी एकदम म्हणाले, “थांबली वाटते.”

खरंच थांबली होती. केव्हा थांबली ते मला कळलं नाही. मोठा धक्का बसला की उचकी थांबते, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबर असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

ताई आली ती दुरूनच हाका मारत. “अवो, पाह्यलं का! हा तं आपल्याआंधी घरी येऊन बसला! आमी याले साऱ्या सभेत शोधून राह्यलो!” तिच्या कानांपाशी केस पिकले होते. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. “काय बोलला रे बापू! मले अर्धं समजलं नाई, पन आवाज कसा घुमत होता. मंदीच उचकी काहून लागली तुले? जेवला नाई का दुपारी?” आणि बरोबरच्या बायकांना सांगू लागली की लहानपणीही याला अशीच लागायची, रागावला की.

बायका गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. चुलीपाशी ती पिठलं ढवळत होती, मी पाटावर बसलो होतो. ती कोणती बाई, हे सांगितलं. चार वर्षं ती गोष्ट मी कुठे कुठे सांगितली, हेही.

“मंग सांगाची ना,” ताई म्हणाली. “खरीच तं हाये. चालली तं होती मी.”

“त्यात मी सांगतो, की तू औषध मोरीत ओतलं.”

तिचा हात थांबला. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिच्या तोंडावरचं हसू गेलं. “औषध काहून फेकीन मी?” ती म्हणाली. “तुले दोन कार्डं टाकली होती मी तवा. तुह्या भाऊजीच्या हातून लिवून. का डाक्टरनं सांगतलं तसं औषध टायमावर देजो, एकबी पाळी चुकवू नको. गेली का नाई ती कार्डं?”

कार्डं आली होती. मी ती वाचलीही होती. आणि मग, चार वर्षांत, टाळ्यांच्या आवाजात, विसरून गेलो होतो.

“मग चाललीस कशाला?” मी विचारलं. तो प्रश्न मी त्या रविवारी विचारायला हवा होता. त्या दिवशी उत्तर मीच देऊन टाकलं होतं.

ताईनं पुन्हा पिठलं ढवळायला घेतलं. मग म्हणाली, “तू उशाशी बसला होता. तुह्यी बायको होती. डाक्टर येत होता. मी अठी. रोज भांडे घासून राह्यली, सैपाक करून राह्यली, अन् पोरगी तठी तापानं फनफनून राह्यली. काय करू मी? बसवे नाई मले. म्हनलं, माय अंबे, त्या लेकराचं दुखनं थोडंसं माह्या पायात येऊ दे. ते येते का नाई, मले काय ठाऊक. पन चालतानी बरं वाटलं, बापू. काईतरी करून राह्यलो असं वाटलं.”

मी विवेकावर वीस-पंचवीस व्याख्यानं दिली असतील. धर्म म्हणजे काय याच्या निरनिराळ्या व्याख्या मला पाठ होत्या. त्यातली एकही मला त्या वेळी आठवली नाही, आणि आठवली असती तरी चुलीपुढच्या त्या बाईसमोर ती उभी राहिली नसती. तिचं चालणं बरोबर की चूक, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण माझं बरोबर असणं इतकं कोरडं होतं, की त्यात चार वर्षांत एकाही माणसाला घोटभर पाणी मिळालं नव्हतं.

“रागावून आली नाहीस ना चार वर्षं?” मी विचारलं.

“राग कायचा?” ताई म्हणाली. “तुह्ये दोस्त बसले होते. तुह्यं तोंड असं एवढंसं झालं होतं. म्हनलं, आपल्यामुळं पुन्हा लेकराची मान खाली जायला नको. तू बोलावशीन तवा येऊ.”

आणि मी बोलावलं नव्हतं. मी पिठलं-भाकरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि भाऊजींनी न बोलता मिरचीचा ठेचा माझ्या ताटापासून दूर सरकवला. मी तो पुन्हा ओढून घेतला, म्हणजे पाण्याला कारण असावं.

रात्रीची गाडी मी जाऊ दिली. रविवारी सकाळी आंघोळ होते न होते तोच ताई लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन पुढे आली. तिच्या डोळ्यांवर पडदा चढत होता, अक्षरं दिसत नव्हती, महिन्याभरापासून पारायण एका अध्यायावर अडलं होतं. भाऊजी वाचत, पण इतकं हळू की बायकांना डुलक्या येत. “देवानं एवढा आवाज देला तुले,” ताई म्हणाली, “एक अध्याय वाच.”

नाही म्हणायला माझ्याजवळ निदान सात कारणं होती. एकही सुचलं नाही. मी बैठकीवर बसलो. ताईनं प्रसादाचा शिरा करून ठेवला होता. कालच्याच बायका आल्या; त्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे पाहून पदराआड हसत होत्या. मी वाचू लागलो. त्या अध्यायात एका बुडत्या नावेतली माणसं नदीवर कोरड्या पायांनी चालत काठाला येतात. पाण्याची घनता, माणसाचं वजन, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. वर पाहिलं तर ताई डोळे मिटून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा होता, की मी ओवी पुरी केली. मग पुढची. हळूहळू माझा आवाज खाली आला; एरवी तो कधी येत नसे. कोणाला काही पटवून द्यायचं नसताना बोलणं किती हलकं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या अर्ध्या तासात मला जे मिळालं, त्याला काय म्हणावं ते कळत नाही. कोणी दिलं, तेही कळत नाही. पण घेतलं मी दोन्ही हातांनी, आणि आजतागायत मी त्याच्या ऋणात आहे.

अध्याय संपत आला तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, तोंडात एकही दात नसलेली, मला म्हणाली, “मास्तर, तुमी एवढे शिकेल हा. एक सांगा. हे पान्यावरून चालले, हे खरं असंन का?”

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. ताईनं डोळे उघडले. भाऊजीही दारातून डोकावले.

“मले नाई माहीत, काकू,” मी म्हणालो.

चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मला वाटलं होतं, ते उच्चारताना फार त्रास होईल.

“मलेबी नाई माहीत बाप्पा,” म्हातारी समाधानानं म्हणाली. “वाचा पुढं. शिरा थंडा होऊन राह्यला.”